जग पेटलंय, रुपया घसरलाय आणि आमच्या खात्यात रस्त्याचे पैसे पडून आहेत

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी इथला वाचनमात्र सदस्य. पहिलाच धागा आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मिरज तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातला एक तुकडा राष्ट्रीय महामार्गात गेला. भरपाईचे ३८ लाख चार महिन्यांपूर्वी वडिलांच्या खात्यावर आले, ते अजून बचत खात्यातच आहेत. वडील ७४ वर्षांचे, आई २०२१ ला गेली. आम्ही दोघे भाऊ. मी सांगलीत शिक्षक, धाकटा गावी शेती बघतो.

एवढी रक्कम आमच्या घरात कधीच आली नव्हती. आली तीही नेमकी अशा काळात. युक्रेनचं युद्ध २०२२ पासून संपता संपत नाही. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल झालं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. डिसेंबरात डॉलर नव्वदी ओलांडून गेला. रात्री बातम्या बघितल्या की दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही.

सल्ल्यांचा तर पूर आलाय. दाजी म्हणतात, सगळ्याचं सोनं घेऊन मोकळे व्हा. धाकटा म्हणतो, जतकडे जमीन घेऊ, म्हैसाळचं पाणी आल्यापासून तिकडे भाव चढतोय. पुण्यातला मित्र म्हणतो, पैसा देशाबाहेर काढ, इथलं काही खरं नाही. शेजारचे काका म्हणतात, हलवूच नका, हलवला की संपला.

प्रश्न साधाच आहे. उद्या खरंच मोठं युद्ध झालं, रुपया आणखी कोसळला, देशाची गाडी उताराला लागली, तर हे ३८ लाख कशात टिकतील? राजकारण नको, प्लीज.

भडंगप्रेमी
भडंगात टाका. युद्ध असो, शांतता असो, संध्याकाळी पाचला सांगलीकराला भडंग लागतंच.

(तूर्त रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.)

निफ्टीनाना
कृष्णाकाठ, आधी बातम्या बंद करा. थट्टा नाही, मनापासून सांगतोय.

१९९९ ला कारगिल चालू असताना आपला बाजार वर गेला होता. मार्च २०२० ला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी ७६०० च्या आसपास आला, तेव्हा लोक जग बुडालं म्हणत होते. मे २०२५ घ्या. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर, १० ला शस्त्रसंधी आणि १२ ला सोमवारी सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ तीन हजार अंश वर. शुक्रवारी घाबरून ज्यांनी विकलं, ते सोमवारी कपाळाला हात लावून बसले. त्यात आमच्या ऑफिसातले तिघे होते.

वडिलांचं वय बघता सगळे नकोत. १५ लाख इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या), तेही दीड वर्षात हप्त्याहप्त्याने. बाकीचे ज्येष्ठ नागरिक योजना आणि एफडीत. विषय संपला.

इतिहासाची_वही
विषय एवढ्यात नाही संपत, नाना.

जपानचा शेअर निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं! या काळात जपानवर कोणी बॉम्ब टाकला नाही, गाड्या वेळेवर धावत होत्या, माणसं नव्वदी गाठत होती. म्हणजे देश नीट चाललेला असूनही बाजारात पैसा लावणाऱ्याच्या दोन पिढ्या वाट बघत बसू शकतात. धागाकर्त्याचे वडील ७४ चे आहेत.

निफ्टीनाना
जपान येणार हे माहीत होतं :) शिखरावर एकरकमी घातले आणि लाभांश मोजलाच नाही, तरच ती चौतीस वर्षं. हप्त्याने घालणाऱ्याचं चित्र वेगळं आहे. पण मान्य, ७४ व्या वर्षी मोठी पैज नको. म्हणून तर ३८ पैकी १५ म्हणालो.

वकीलीणबाई_कोर्टरोड
एक छोटा प्रश्न. जमीन वडिलोपार्जित आहे असं लिहिलंय. भरपाई एकट्या वडिलांच्या नावावर कशी आली? सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत?

गलाईवाला
दाजींची बाजू घेतो, पण अर्धीच.

मी खानापूर तालुक्याचा. एकतीस वर्षं तामिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, दुकान आहे. इकडच्या लोकांना सांगायला नको. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं देशभर हाच धंदा करतात. तुमच्या घरातलं मंगळसूत्र मोडीला निघालं की कुठल्या ना कुठल्या गावात आमच्यापैकी कोणाच्या तरी मुशीत येऊन पडतं.

तर मुशीसमोर बसून बघितलेलं सांगतो. सोनं विकायला माणूस भाव चढलाय म्हणून क्वचित येतो. येतो तो गरजेपोटी. २०२० च्या टाळेबंदीनंतर जी रांग लागली होती ती कोणी नफा घ्यायला आलेल्यांची नव्हती. त्या वेळी सोन्याने लोकांची घरं वाचवली, हे खरं. त्याच दिवशी मालक मंडळींची तोंडं पडलेली, हेही खरं. घेताना घडणावळ दिलेली, ३ टक्के जीएसटी दिलेला. मोडीत घडणावळ गेली, डाग-लाखेची घट गेली आणि टंच काढल्यावर कळायचं की पाटावर बसून २२ कॅरेट म्हणून घेतलेलं प्रत्यक्षात अठराचं आहे. जुन्या दागिन्यांत हे सर्रास. आता हॉलमार्कबरोबर एचयूआयडीचा सहा अक्षरी नंबर आल्यापासून बरंच सुधारलंय.

म्हणून घ्यायचं तर वळं (चोख सोन्याचं साधं वेढं) किंवा नाणं घ्या. दागिना हौसेने घ्या, त्याला गुंतवणूक म्हणू नका.

आणखी एक. "सोनं फक्त वरच जातं" हे आजच्या भावाला बघून बोलतात लोक. २०१२ ला तोळा ३१ हजारांच्या आसपास होता. २०१८ ला? ३१ हजारांच्याच आसपास. सहा वर्षं आमची माणसं दुकानात माशा मारत होती. २३ जुलै २०२४ ला सरकारने आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा आदल्या आठवड्यात माल भरलेल्या एका सराफाने माझ्यासमोर डोकं धरलं होतं.

इतिहासाची_वही
गलाईवाले, दंडवत घ्या. यात भर घालतो. सरकार सोन्याला हात लावू शकत नाही असं समजणाऱ्यांनी १९६३ आठवावं. मोरारजी अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. सोनारांच्या पोटावर पाय आला. १९६८ च्या कायद्याने तर साध्या माणसाला सोन्याची लगड घरात ठेवणंही गुन्हा ठरवलं. तो कायदा १९९० ला गेला.

गलाईवाला
आमचे वडील सांगायचे ते दिवस. भट्टी रात्रीच पेटायची. यापुढे इथे लिहीत नाही :)

भडंगप्रेमी
धाग्यावर धाड पडणार बहुतेक. पॉपकॉर्न, आपलं, भडंग घेऊन बसलोय.

माणिकचमन
आवो ते इराणजवळचं हॉर्मुझ-बिर्मुझ टीव्हीवर बघताय तुमी. आमी बागेत बगतो.

माझी तीन एकर द्राक्षबाग, तासगाव तालुका. २०२३ च्या नोव्हेंबरात तिकडं येमेनच्या हुथी लोकांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू केले. मला हुथी म्हंजे काय ते बी ठावं न्हवतं. जानेवारीत माल काढायला आला तवा व्यापारी म्हणतो, जहाज आता आफ्रिकेला वळसा घालून जाणार, धा-पंधरा दिवस जास्ती लागणार, भाडं वाढलंय, म्हणून दर कमी. आता द्राक्ष काय लोखंड हाय का? घड तोडल्यापास्नं त्याचं मरण चालू होतं. कंटेनरात चाळीस दिवस टिकंल का न्हाई, ह्याचा जुगार मी खेळायचा आणि लढाई कोण करतंय, तर हुथी.

खताचं बी तसंच. पोटॅश आपल्याकडं सगळं भायेरनं येतं. युक्रेन चालू झालं तवा पोटॅशची बॅग १७०० ला घेतली म्या. २०२५ ला चीननं विद्राव्य खतं अडवली. त्यातल्या ०:५२:३४ खतासाठी चार दुकानं हिंडलो ऐन मणी फुगवणीच्या तोंडावर. दुकानदार म्हणतो, चीनला इचारा.

तुमी म्हणताय उद्या कायतरी झालं तर. आमाला दर दोन वर्सानं कायतरी झालेलंच असतंय. म्या काय शिकलो सांगू? बागेत माल असताना डोक्यावर कर्ज नको. दर पडला तर म्या बेदाणा टाकतो, शीतगृहात ठेवतो, दिवाळीपतूर थांबतो. शेजाऱ्याचा बँकेचा हप्ता मार्चात. त्येला थांबताच येत न्हाई, मिळंल त्या दरानं इकतो. माल दोघांचा सारकाच.

भावाला इचारा, सोसायटीचं कर्ज किती हाय डोक्यावर. आदी ते फेडा. मग सोनं का चांदी ते बगू.

इतिहासाची_वही
माणिकचमन यांचं वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

हे आपल्याकडे आधी एकदा घडून गेलंय. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस. बॅकबे भराव कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. इकडे दख्खनच्या गावांत सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागला, कारण कापसाच्या जोरावर कुणब्याची पत वाढली होती. १८६५ ला तिकडे युद्ध संपलं. भाव आपटले, मुंबईत शेअरचे कागद रद्दी झाले, १८६८ ला बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. गावात मात्र कर्ज तसंच राहिलं, त्यावर व्याज चढत गेलं आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक उठले. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. दंगेखोरांना पैसाअडका किंवा रक्तपात यापेक्षा एकच गोष्ट हवी होती: सावकाराकडचे कर्जरोखे. ते हिसकावून जाळले. अमेरिकेतली लढाई भीमथडीच्या कुणब्यापर्यंत पोचली ती कर्जखतांच्या वाटेने. ज्याने भाव चढलेला असताना खत लिहून दिलं नव्हतं, त्याला भाव पडल्याचं दुःख झालं असेल, पण जमीन त्याच्याकडेच राहिली.

निफ्टीनाना
+१. इथे मात्र वाद नाही. ११-१२ टक्क्यांचं कर्ज फेडणं हा खात्रीचा ११-१२ टक्के परतावा आहे. असा फंड मला दाखवा.

कॅलिफोर्नियाकर_मूळ_वाई
सगळे मूळ मुद्दा टाळताय. रुपया १९६६ च्या अवमूल्यनाआधी डॉलरला ४.७६ होता, मग ७.५० झाला. २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीपार. हा आलेख एकाच दिशेला जातो. हुशार मुलं बाहेर, श्रीमंत बाहेर. याला ऱ्हास नाही तर काय म्हणायचं? लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर कायदेशीर बाहेर नेता येतात. निम्मे तरी डॉलरमध्ये ठेवा. मी २००१ पासून हेच करतोय, शांत झोपतो.

फौजी_अप्पा
शांत झोपता तर आमच्या रात्री तीन वाजता प्रतिसाद कसा आला?

कॅलिफोर्नियाकर_मूळ_वाई
अप्पा, इकडे दुपार आहे :D

भडंगप्रेमी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

इतिहासाची_वही
रुपया घसरतो हे खरं. पण परदेशात ठेवलेला पैसा म्हणजे तटस्थ जागी ठेवलेला पैसा नव्हे. २०२२ ला रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले. २०२२ ते २०२४ जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी वर्षाला हजार टनांवर सोनं घेतलं ते उगाच नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही इंग्लंडातून शंभर टनांवर सोनं घरी आणलं. आणि हाच आपला देश १९९१ ला ४७ टन सोनं विमानाने पाठवून गहाण ठेवत होता. तेव्हाही "आता संपलं" म्हणणारे होतेच. उताराला लागलेली गाडी कुठे वळेल हे गाडीत बसून कळत नाही.

ठेवपावती
कॅलिफोर्नियाकर, तुमचं तुमच्या जागी ठीक. इथल्या माणसाने अमेरिकेतले शेअर थेट घेतले आणि तो वारला, तर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर अमेरिका वारसा कर लावते. ७४ वर्षांच्या माणसाला हा सल्ला देताना तेवढं सांगायला हवं होतं. वारल्यावर सांगलीतला शिक्षक तिकडचे फॉर्म भरणार का?

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे आमच्या धंद्याचं सांगतो. एका बँकेत एका माणसाला ठेवविमा ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० आधी तो फक्त १ लाख होता, १९९३ पासून. खाती दहा असली तरी बँक एक, तर मर्यादा एकच. आणि पतसंस्थांना हा विमा लागूच नाही. आपल्या जिल्ह्यांत पतसंस्था किती आणि त्यांत गुंतलेली म्हातारी माणसं किती, हे मोजायला बसू नका, ब्लडप्रेशर वाढतं.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. लोकांना वाटायचं अजिंक्यतारा हलेल पण ही बँक हलणार नाही. सप्टेंबर २००६ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले. पुढच्या वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. कुठलंही जागतिक युद्ध नव्हतं तेव्हा.

३८ लाख एका बचत खात्यात चार महिने? आजच उठा. दोन मोठ्या बँका, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना (८.२ टक्के, मर्यादा ३० लाख) आणि थोडे सरकारी रोखे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट संकेतस्थळावर आता घरबसल्या मिळतात.

फौजी_अप्पा
मी साताऱ्याकडचा, सुभेदार म्हणून निवृत्त. शेजारच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांच्या नावाचा दगड आहे. एका गावातले ४६. त्या गावातून अजून पोरं भरती होतायत.

१९९९ ला मी द्रासला असताना घरून पत्र आलं, म्हैस घेतली. मी चिडून लिहिलं, इथं काय चाललंय आणि तुम्ही म्हैस घेताय? उत्तर आलं, दूध काय युद्ध संपल्यावर प्यायचं? एवढंच सांगायचं होतं.

अम्मान_१९९०
एरवी इथे लिहीत नाही. फौजी काकांच्या म्हशीमुळे लिहावंसं वाटलं.

बाबा कुवेतला होते, एका गॅरेजमध्ये. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य आत आलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आईबरोबर कोरेगावला. दीड महिना बाबांचा पत्ता नव्हता. मग बगदादमार्गे बसने जॉर्डनला, तिथे तंबूत, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. तेव्हा पावणेदोन लाखांच्या घरात भारतीय असे परत आले.

बाबांकडे परत येताना दिनारच्या नोटा होत्या, कमरेला बांधलेल्या. दोन ऑगस्टच्या आधी जगातलं सर्वांत महाग चलन. मुंबईत त्यांना कोणी हात लावेना. आई त्या नोटा बघून हसली होती, ते हसणं मला अजून आठवतं. बँकेतले पैसे कुवेत सुटल्यानंतर मिळाले. आणि बऱ्याच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांकडून ठरावीक रकमेची भरपाई आली. ती कोणाला मिळाली? ज्यांनी नोकरीचा करार, निवासाचा शिक्का, पगाराच्या चिठ्ठ्या जपल्या होत्या त्यांना. बाबांनी कपडे टाकून दिले होते पण कागदांची पिशवी सोडली नव्हती. त्यांच्याबरोबरच्या एका काकांनी टेपरेकॉर्डर आणला, कागद नाही आणले.

मधल्या काळात घर कशावर चाललं म्हणाल, तर आईच्या शिवणावर आणि पोस्टातल्या आवर्ती ठेवीवर. सोन्याच्या पाटल्या होत्या, त्यांतली एक गेली, एक राहिली. ती आज माझ्या हातात आहे.

गलाईवाला
ताई, ती पाटली मोडू नका कधी.

पेवकरी_हरिपूर
कागदांवरून. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खड्डा, वरून तोंड बंद, आत वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही, चोर नाही. आजोबा म्हणायचे पेवासारखी तिजोरी नाही. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. त्यानंतर बहुतेकांनी गोदामं, शीतगृहं धरली.

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरातले खरेदीखत, पॉलिसी, सगळं ओलं. एटीएम बंद, फोन बंद. आठ दिवस खिशातल्या रोख पैशांवर काढले. तुमच्या ३८ लाखांपैकी वीस-पंचवीस हजार घरात ठेवा आणि कागदांच्या प्रती दुसऱ्या गावी ठेवा. विश्रामबागेत असाल तर कोणाकडे तरी टेकडीवर :)

सौ_खणभागकर
रच्याकने (जाता जाता), आमच्या ओळखीत एकांनी असेच जमिनीचे पैसे कोंबड्यांत घातले. काळी कोंबडी, काळं अंडं, कंपनीच विकत घेणार म्हणे. २०१९ ला कंपनी गेली, कोंबड्या राहिल्या. त्याआधी इमूत घालणारेही होते. तिसऱ्या महायुद्धाची वाट कशाला बघताय, पैसा बुडवायला इथे पुरेसे पक्षी आहेत.

भडंगप्रेमी
"पुरेसे पक्षी आहेत" याला दाद द्यायला लॉगिन केलं.

कॅलिफोर्नियाकर_मूळ_वाई
कोंबड्यांवर हसताय, पण हेच तर म्हणतोय मी. जिथे नियम पाळलेच जात नाहीत त्या देशाचं भविष्य…

संपादक
या प्रतिसादातला उरलेला मजकूर आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने राजकारण नको म्हटलं आहे. विषयाला धरून लिहावे.

वकीलीणबाई_कोर्टरोड
मी वर एक प्रश्न विचारला होता, तो पुन्हा विचारते.

धाग्यात दाजी आहेत. दाजी आहेत म्हणजे बहीण आहे. चाळीसेक प्रतिसादांत तिचा उल्लेख कोणीच केला नाही, धागाकर्त्यांनीही नाही. "आम्ही दोघे भाऊ" असं लिहिलंय.

२००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून. ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात फाटे फोडायला फारशी जागा नाही. लग्न झालं म्हणून तो जात नाही. तिने नोंदणीकृत हक्कसोड दिलं असेल तर गोष्ट वेगळी. दिलं आहे का?

मी रोज कोर्टात बघते. रस्त्याची भरपाई आली की दोन वर्षांत दावा येतो. मग पैसा सोन्यात आहे की जपानच्या बाजारात, याला काही अर्थ राहत नाही. मनाई हुकूम सगळ्यांना सारखाच लागतो.

निफ्टीनाना
सटकन लागली ही. मी दोनदा धागा वाचला, दाजी हा शब्द दोनदा वाचला.

माणिकचमन
बाईंनी बरूबर नाडी धरली. धागावाला कुटं गेला?

फौजी_अप्पा
गप्प बसलाय म्हणजे विचार करतोय. करू द्या.

बेदाणा_चहा
(अवांतर) जतकडे जमीन घेणाऱ्यांनी सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" रकाना आधी वाचावा. वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. आम्ही रकाना नंतर वाचला. पाणी येऊन शेजारच्याची डाळिंबं विकली गेली, आमची फाईल अजून प्रांत कार्यालयात आहे.

कृष्णाकाठ
नऊ दिवसांनी येतोय, माफ करा. सगळे प्रतिसाद वाचले, काही वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. म्हशीचा त्यांना फार आवडला.

वकीलीणबाई, तुमचा पहिला प्रश्न त्याच रात्री वाचला होता. उत्तर दिलं नाही कारण उत्तर माहीत होतं. हक्कसोड नाही. मोबदल्याच्या वेळी तलाठ्याकडे वडिलांचंच नाव होतं, ताईचं कधी लावलंच नव्हतं. इचलकरंजीला असते. दाजींचे चार यंत्रमाग आहेत, त्यांतले दोन बंद. दाजी "सोनं घ्या" म्हणत होते, तेव्हा मला वाटायचं उगाच मध्ये बोलतात.

रविवारी वडिलांनी स्वतः तिला फोन लावला. स्पीकरवर. म्हणाले, रस्त्याचे पैसे आलेत, तुला काय पाहिजे? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चार महिने झाले आण्णा, कळलं होतं मला. वाट बघत होते कोण फोन करतंय त्याची.

धाकट्याचं आणि माझं त्यानंतर जोरात झालं, ते इथे लिहीत नाही. पण ठरलं. वडील आणि आम्ही तिघं, प्रत्येकी साडेनऊ. कागद वकिलांकडून करून घेतोय. धाकट्याने सोसायटीचा आकडा सांगितला, ४ लाख १० हजार, आम्हाला वाटत होतं त्याच्या दुप्पट. त्याच्या वाट्यातून तो आधी तेच फेडणार आहे, जत तूर्त रद्द. वडिलांचे साडेनऊ पोस्टाच्या योजनेत. माझ्या वाट्यातले दोन लाख कर्ज फेडायला, बाकीचं नाना म्हणतात तसं हप्त्याने.

बातम्या अजून बघतो. पण दहानंतर नाही.

निफ्टीनाना
साडेसात लाख, दीड वर्ष, महिन्याला ४१ हजार आणि चिल्लर. पहिला हप्ता केला की सांगा.

वकीलीणबाई_कोर्टरोड
वाटणीपत्र नोंदणी करूनच घ्या, नुसत्या स्टँपपेपरवर लिहून घरात ठेवू नका. आणि वडिलांच्या खात्याला नामनिर्देशन करा. आता बँकेत चार नावं देता येतात.

गलाईवाला
ताईंनी त्यांच्या वाट्याचं काय करायचं ठरवलंय?

कृष्णाकाठ
एक यंत्रमाग दुरुस्त करणार आहे. उरलेल्यात तिला दोन तोळ्यांचं वळं घ्यायचंय, दागिना नको म्हणाली. हा धागा दाजी वाचतात, हे मला काल कळलं.

भडंगप्रेमी
दाजी, असाल तर हात वर करा.

मागवाला_इचल
हाय की. पयल्या दिवसापास्नं.